भिंतीला भोक पाडा

‘वायरचा जमाना गेला’ हे वाक्य वसई-विरारमध्ये हल्ली फार ठामपणे ऐकायला मिळतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी ते म्हणतात, फर्निचरचं काम घेतलेला इंटिरियरवाला म्हणतो. गंमत म्हणजे नेट बसवायला आलेला मुलगाही खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून हेच ऐकवतो, ‘‘काका, आता वायर कोण ओढतं? वायफाय आहे ना.’’ आठवडा जात नाही तोच मागच्या खोलीतून हाक येते, ‘नेट गेलं!’ नेट गेलेलं नसतं. हॉलमध्ये ते ठणठणीत असतं. मागच्या खोलीपर्यंत ते कधी पोचलेलंच नसतं, एवढंच.

माझं म्हणणं या जमान्याच्या उलट आहे. लांबच्या खोलीत कुणी कामाला किंवा अभ्यासाला बसत असेल, तर त्या खोलीपर्यंत तांब्याची वायर टाकावी. भिंत आड आली तर भिंतीला भोक पाडावं. बाकीचे सगळे उपाय म्हणजे हे एक काम टाळण्यासाठी केलेला खर्च आहे.

आधी त्या ‘जमान्या’चा हिशेब करू. वायर जुनी, बिनतारी नवी असं सगळे गृहीत धरतात. इतिहास नेमका उलटा आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ चालू केलं. बेटं वेगवेगळी, मध्ये समुद्र, म्हणून संगणक रेडिओवरून जोडले. अडचण लगेच दिसली. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचाही निरोप वाया, आणि दोघांनाही पुन्हा बोलावं लागे. त्या मूळ पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच क्षमता कामी येते, हे गणिताने सिद्ध आहे. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या बॉब मेटकाफ यांनी या पद्धतीचा अभ्यास केला, तिच्यातले दोष सुधारले आणि १९७३ मध्ये ती कल्पना केबलमध्ये उतरवली. तेच इथरनेट. म्हणजे संगणकांच्या या घराण्यात बिनतारी थोरली आणि वायर धाकटी. थोरलीच्या घोळातून वाट काढायला धाकटी जन्माला आली. आजचं वायफाय अलोहानेटपेक्षा कितीतरी शहाणं आहे, पण एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम त्यालाही सुटलेला नाही. आजच्या वायरमध्ये जाणारा आणि येणारा माल एकाच वेळी वाहतो, कुणी कुणासाठी थांबत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ, कारण हा वाद अमेरिकेतल्या लाकडी पार्टिशनच्या घरांतला नाही. वायफाय उपकरणांच्या खोक्यांवर छापलेले आकडे मोकळ्या जागेतले असतात. निर्मळ, गिरीज, भुईगाव, सांडोर या पश्चिम पट्ट्यातलं जुनं घर बघा. रस्त्याच्या बाजूला ओटा, मग पुढची खोली, मग एकामागे एक खोल्या, शेवटी स्वयंपाकघर, त्यामागे विहीर आणि वाडी. जुन्या भिंती हातभर जाडीच्या. थोरल्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मागे सिमेंटची एक खोली वाढवली, धाकट्याच्या लग्नात तिच्यावर आणखी एक. नेटची फायबर येते रस्त्यावरच्या खांबावरून, म्हणजे ओट्याच्या बाजूने. राउटर बसतो टीव्हीशेजारी. शेवटच्या खोलीतला माणूस आणि राउटर यांच्यामध्ये तीन-चार भिंती, एक लोखंडी कपाट आणि एक फ्रिज. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर दुसऱ्या भिंतीलाच दमते. २.४ ची जरा पुढे जाते, पण तिच्या अंगात वेग बेताचाच.

पूर्वेला नालासोपाऱ्यात किंवा नवघर-माणिकपूरच्या जुन्या इमारतींत भिंती पातळ, पण तिथे शेजारी आडवे येतात. फोनवर वायफायची यादी उघडा, अंगठ्याने ढकलत बसावं एवढी नावं येतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. एवढ्या राउटरांनी त्या तीन गल्ल्यांत गर्दी केल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतो. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये परवान्यातून मोकळा झाला. गर्दी हलकी झाली, पण भिंतीपुढे तो पट्टा दुबळाच.

विरारकडच्या नव्या टॉवरांतल्या ‘आधुनिक’ फ्लॅटमध्ये तरी प्रश्न सुटला असेल, असं कुणाला वाटेल. तिथे तो चिघळला आहे. हल्ली उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात, ज्याला बांधकामावर ‘मिवान’ म्हणतात. त्यात विटांच्या भिंती जवळपास नसतात. बेडरूमची भिंतसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटची. रेडिओ लहरीला याहून मोठा अडसर घराच्या भिंतींत सापडणार नाही. आणि अशी भिंत वाटेल तिथे खोदता येत नाही, कारण इमारतीचा भार तिच्यावर असतो. म्हणजे जिथे वायफाय सगळ्यात कमी चालतं तिथेच नंतर वायर टाकणं सगळ्यात कठीण.

एवढं सगळं समोर असताना लोक काय करतात? प्लॅन वाढवतात. शंभर मेगाबिटचा दोनशे, दोनशेचा तीनशे. कंपनी आनंदाने वाढवून देते. बाहेरून येणारा लोंढा मोठा झाला, अडलेलं होतं ते घरात. नळ अंगणात आलाय, मागच्या मोरीत पाणी कळशीने न्यावं लागतंय, आणि आपण पालिकेकडे मोठ्या व्यासाचं कनेक्शन मागतोय, असा हा प्रकार. राउटरजवळ उभं राहून फोनवर वेग मोजायचा, तीनशे दिसले की समाधानाने फोन खिशात टाकायचा. मागच्या खोलीत जाऊन मोजण्याचे कष्ट बिल भरणारा माणूस सहसा घेत नाही.

पुढचा उपाय रिपीटर. मागच्या खोलीच्या अलीकडच्या सॉकेटला एक पांढरी डबी खोचायची. फोनवर लगेच सगळ्या दांड्या भरतात आणि घरात जयजयकार होतो. दांड्या डबीपासून फोनपर्यंतच्या असतात. डबीला स्वतःला राउटरकडून काय मिळतंय ते दांड्या सांगत नाहीत. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे हाती येणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. ज्या जागी मुळात चाळीस पोचत होते तिथून वीस पुढे गेले, याला विस्तार म्हणायचं की वाटमारी?

घराच्या विजेच्या तारांतूनच नेट नेणारे अ‍ॅडॉप्टरही मिळतात. कल्पना हुशार आहे. पण दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या, मध्ये इन्व्हर्टर असला, किंवा स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, की त्या हुशारीची परीक्षा होते. मेश, म्हणजे घरभर ठेवलेली आणि एकमेकांशी बोलणारी वायफाय उपकरणं, मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दोन-तीन चांगली मेश उपकरणं, त्यांतल्या एका पट्ट्यावर फक्त आपसांतलं बोलणं, ही व्यवस्था बऱ्याच फ्लॅटमध्ये भागवते. पण त्याच उपकरणांच्या मागे वायरचं छिद्र असतं, आणि बनवणारे स्वतःच सांगतात की ती एकमेकांना केबलने जोडली तर उत्तम. एवढे पैसे घालून त्या छिद्राचा उपयोग मात्र कुणी करत नाही.

‘अहो, पण व्हॉट्सअ‍ॅप चालतंय ना मागे!’ हा प्रतिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर थोडं कडवट होईल. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप दोन सेकंद उशिरा गेला तर कुणाचं बिघडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये अर्धा सेकंद गळाला तर तुमचं वाक्य गळतं. इथे एकूण वेग दुय्यम, सातत्य महत्त्वाचं. वायफायवर डेटाचं एक पाकीट पाच मिलिसेकंदांत जातं, पुढचं दोनशेत, त्यानंतरचं हरवतं. वायरवर घरातल्या घरात सगळी पाकिटं एक मिलिसेकंदाच्या आत आणि एकसारखी जातात. सिनेमा बघणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण सिनेमा आधीच साठवून ठेवलेला असतो. मुलाखत देणाऱ्याला जाणवतो.

आणि मागच्या खोलीत बसतं कोण? ऑफिसला जायचं तर विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल ठप्प झाल्या होत्या, ते दिवस इथल्या माणसाला आठवावे लागत नाहीत. २०२० नंतर अनेकांना निदान काही दिवस घरून काम करायची सवलत मिळाली, आणि ज्यांना मिळाली त्यांना ती सोन्याच्या मोलाची आहे. पण हॉलमध्ये टीव्ही, पाहुणे आणि सासरेबुवांच्या बातम्या. म्हणून काम करणारी सून मागच्या खोलीत. बारावीची पोरगी मागच्या खोलीत. राउटर मात्र टीव्हीशेजारी, कारण नेट बसवणाऱ्याची वायर तिथेच संपली आणि घरातल्या कर्त्याला तिथेच सोयीचं होतं. घरातलं सगळ्यात वाईट नेट सगळ्यात जास्त गरज असलेल्या माणसाच्या वाट्याला का येतं, त्याचं उत्तर तांत्रिक नाही. ज्याच्या शब्दाने भिंतीला भोक पडतं, तो हॉलमध्ये बसतो.

राहिला दिसण्याचा मुद्दा. ‘वायर वाईट दिसते, भिंत खराब होते.’ हे ऐकलं की मला एसी आठवतो. एसी बसवताना भिंतीला अडीच इंचाचं आरपार भोक पाडतात, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप बाहेर काढतात, बाहेर लोखंडी ब्रॅकेटवर भलंमोठं धूड टांगतात. इमारतीच्या अंगावर त्याच्या पाण्याचे ओघळ उठतात. सोसायटी हूं की चूं करत नाही. नेटची केबल सहा मिलिमीटरची. तिला आठ-दहा मिलिमीटरचं भोक पुरतं, म्हणजे पेन्सिल जाईल एवढं. तेवढ्यासाठी मात्र मीटिंग, एनओसी आणि ‘एलिव्हेशन’ची चिंता.

काम तसं अर्ध्या दिवसाचं. वायरमनला बोलवा, पण काही गोष्टी आपण उभं राहून करून घ्यायच्या. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर ड्रिल आतून बाहेर किंचित उतरतं धरायचं. वसईचा पाऊस आडवा मारतो. भोक सपाट किंवा आत उतरतं असेल तर पहिल्या जूनमध्येच पाणी केबलचं बोट धरून खोलीत येतं. केबल बाहेर जिथे भोकात शिरते त्याच्या आधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे थेंब झोलावरून गळून जातो. आधी केबल ओवायची, मग तिच्या टोकाला क्लिप लावायची. तयार क्लिप लावलेली केबल आणली तर तिच्यासाठी भोक उगाच दुप्पट पाडावं लागतं. आत केसिंग-कॅपिंगची पट्टी दाराच्या चौकटीला आणि स्कर्टिंगला धरून नेली तर पाहुण्यांच्या नजरेला पडतही नाही. विजेच्या वायरच्या पाइपातून ती न्यायची नाही, समांतर जावं लागलंच तर चार बोटं अंतर ठेवायचं, ओलांडायची तर काटकोनात. बाहेर उन्हात जाणारी केबल काळ्या, जाड आवरणाची, बाहेरच्या कामासाठी बनवलेली हवी. घरातली राखाडी केबल दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

क्लिप लावताना आठ तारांचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. क्रिम्पिंग टूलचा एक दाब, आणि झालं. पण ‘लाइट लागला’ म्हणून वायरमनला लगेच पैसे देऊ नका. शंभर मेगाबिटला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी तार नीट बसली नसेल तर लाइट लागतो, नेट चालतं, आणि वेग बरोबर शंभरच्या खाली अडकून राहतो. तीनशेच्या प्लॅनवर वायरने चौऱ्याण्णव-पंचाण्णव दिसत असतील तर कंपनीला शिव्या घालण्याआधी ती क्लिप कापून नवी लावा. तेवढ्याने भागलं नाही तर राउटरचं पोर्टच शंभराचं आहे का ते तपासा. स्वस्त राउटरांत अजूनही असतं.

वायरविरोधकांच्या हातात एक खरं हत्यार आहे, आणि ते त्यांना बाजाराने दिलंय. ‘आम्ही टाकली होती वायर, दोन वर्षांत बंद पडली.’ पडली असेल. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती केबल दुकानदाराला परत करा. अ‍ॅल्युमिनियम वाकवलं की मोडतं, त्याचा रोध जास्त, आणि नेटच्या केबलीच्या मानकात त्याला जागाच नाही. खऱ्या तांब्याची कॅट-६ केबल तीस-चाळीस फुटांना मजुरीसकट एका बऱ्या रिपीटरच्या किमतीच्या आगेमागे पडते, आणि शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग देते. वसईतलं कुठलं घर शंभर मीटर लांब आहे?

विजेचा मुद्दा तर वायरच्याच बाजूने जातो. पहिली सर आली की गावांकडे लाइट जाते, हे सांगायला नको. राउटर इन्व्हर्टरवर असतो म्हणून पुढे नेट चालू, पण मागच्या खोलीतल्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाइन नसते, म्हणून रिपीटर गप्प. इथरनेटच्या केबलमधून वीजही नेता येते. २००३ पासून त्याचं मानक आहे, आणि पहिल्याच मानकात केबलमध्ये जवळपास पंधरा वॉट सोडता येतात. पुढे इन्व्हर्टरजवळ वीज सोडणारा एक छोटा इंजेक्टर, मागे तशी वीज घेणारा अ‍ॅक्सेस पॉइंट, मध्ये तीच एक केबल. मागच्या खोलीला लाइन ओढायची गरज नाही. लाइट गेली तरी मागच्या खोलीत वायफाय चालू. होय, वायफायच. फोनला, टॅबला वायफाय लागणारच, मी त्याच्या विरोधात नाही. ते खोलीतल्या खोलीत फिरवावं. खोली ते खोली हा प्रवास वायरचा.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःच तांब्याची केबल टाकू देणार नाही. घर पुढे आणि वाडीत पलीकडे वेगळं बांधलेलं आउटहाउस, असं वसईत पुष्कळांकडे आहे. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा दोन वेगळ्या इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडू शकतो, आणि मधली तांब्याची तार तो फरक दोन्हीकडच्या उपकरणांत ओतते. ‘वायर टाकली आणि सगळं जळलं’ अशा गोष्टी बहुतेक इथून येतात. इथे फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आत धातूची दोरी नसलेली घ्यायची, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवायचे, आणि जमिनीखालून जात असेल तर जाड पाइपातून न्यायची, कारण वाडीतल्या घुशींना तांबं आणि काच यांत भेद कळत नाही. म्हणजे इथेही उत्तर ‘वायर नको’ असं नाही, ‘दुसरी वायर’ असं आहे.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. अकरा महिन्यांच्या करारावर घरमालकाच्या भिंतीला ड्रिल लावता येत नाही. त्यांनी चपटी केबल स्कर्टिंगला चिकटवून दाराखालून न्यावी, जाताना गुंडाळून घेऊन जावं. तेही जमत नसेल तर मेश. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते बिल्डरांशी. काँक्रीट ओतण्याआधी हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवायला काय लागतं? टीव्हीचा टाकतात, एसीच्या पाण्याचा टाकतात. ओतल्यानंतर तो कुणालाच टाकता येत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे देण्याची नियमावली काढली, पण ते मानांकन घेणं ऐच्छिक आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूल असतो, जिम असतं, गणपतीचं मंदिर असतं. सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीला एकदा विचारून बघा, मास्टर बेडरूममध्ये नेटचा पॉइंट कुठे आहे. ती छान हसून सांगेल, ‘‘सर, पूर्ण टॉवर वायफाय रेडी आहे.’’ त्यावर बुकिंगचा चेक लिहायच्या आधी तिला एवढंच म्हणा, की मला पाइप दाखवा.